नोंदवहीतून निर्णयाकडे
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत जमा-खर्चाचे विवरण सादर करण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा अध्यक्षांच्या सूचनेवरून एका निराळ्या विषयावर बोलत आहे. 'बिझनेस इंटेलिजन्स' आणि 'डेटा ॲनालिटिक्स' या विषयांचा अभ्यास मी वयाच्या पन्नाशीनंतर हाती घेतला. त्यातून काय शिकलो व त्याचा आपल्या रुग्णसेवेशी काय संबंध आहे, हे थोडक्यात मांडतो.

'बिझनेस' हा शब्द धर्मादाय संस्थेत ऐकून कोणाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली या नावाने एक लेख लिहिला. त्यात 'बिझनेस' याचा अर्थ केवळ व्यापार असा नसून कोणत्याही हेतूने चालविलेले कार्य असा व्यापक घेतलेला आहे. योग्य माहिती योग्य माणसापर्यंत वेळेवर पोहोचावी, एवढाच त्याचा गाभा. आपले कार्य रुग्णसेवा हे आहे. तेव्हा हे शास्त्र आपल्यालाही परके नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला नावे आणि जमा या दोन बाजू जुळवण्याचे शिक्षण मिळते. ताळेबंद जुळला की हिशेब पुरा होतो. विश्लेषणाचे काम मात्र तेथून पुढे सुरू होते. औषधांवर किती खर्च झाला हे खतावणी सांगते. तो कोणत्या महिन्यात, कोणत्या आजारासाठी आणि कोणत्या गावच्या रुग्णांसाठी झाला, हे सांगण्यासाठी केसपेपर, औषध भांडार आणि देयके या तिन्ही नोंदी एकत्र वाचाव्या लागतात.

शिकण्याची पहिली पायरी अगदी साधी आहे. एका रुग्णाची एक ओळ आणि एका बाबीचा एक रकाना. गावाचे नाव प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने लिहिले पाहिजे. 'हिवरखेड' हे नाव तीन प्रकारे लिहिले गेले, तर संगणक त्याची तीन गावे करतो. ही शुद्धी करण्यातच निम्म्याहून अधिक वेळ जातो. त्यानंतर एक्सेलमधील पिव्होट टेबल, मग आलेख आणि त्यापुढे पॉवर बीआयसारखी साधने येतात. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम पूर्ण केलेली तरुण मंडळी आज गावोगावी आहेत. केंद्र शासनाच्या 'स्वयं' या मंचावर २०१७ पासून अनेक विषयांचे पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. साधनांची वानवा नाही, चिकाटी हवी.

आकडे वाचण्यात विवेक लागतो. समजा, दहा रुग्णांपैकी नऊ जण प्रत्येकी ३ दिवस राहिले आणि एक ३३ दिवस राहिला. सरासरी मुक्काम ६ दिवसांचा येईल. परंतु प्रत्यक्षात ६ दिवस राहिलेला रुग्ण त्यात एकही नाही. म्हणून सरासरीसोबत मधला आकडा, म्हणजे मध्यांक, पाहावा लागतो. त्याचप्रमाणे १०,००० वस्तीच्या गावातून ४० रुग्ण आणि १,००० वस्तीच्या गावातून १० रुग्ण आले, तर पहिल्या गावाचा आकडा मोठा दिसतो. पण दर हजारी प्रमाण पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात १० आहे. आरोग्य शिबिर कोठे भरवावे, याचा विचार करताना दुसरे गाव नजरेतून सुटता कामा नये.

आपल्या भागाच्या दृष्टीने पाहू. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न जुना आहे, आणि मूत्रपिंडाच्या विकारांविषयी तेथील लोकांच्या मनात भीती आहे. गाववार नोंद ठेवल्यास कोठे अधिक तपासणी हवी, हे दिसू शकते. मात्र केवळ आपल्या केसपेपरांवरून पाण्यालाच दोष देणे शास्त्राला धरून होणार नाही. वय, मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्यांचा वापर या बाबीही पाहाव्या लागतील आणि निष्कर्ष डॉक्टरांनीच काढावा लागेल.

दुसरे उदाहरण फवारणीचे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. वऱ्हाडातील प्रत्येक रुग्णालयाने त्यातून धडा घ्यावा अशी ती घटना होती. अशा रुग्णाच्या नोंदीत तारीख, गाव, व्यवसाय आणि फवारलेल्या औषधाचे नाव हे चार रकाने नीट भरले, तर आठवड्यागणिक वाढणारी संख्या वेळीच लक्षात येते. ॲट्रोपिनचा साठा आधी मागवता येतो, रात्रपाळीची आखणी करता येते आणि शासकीय आरोग्य यंत्रणेला वेळीच कळवता येते. येथे एका रकान्याची किंमत एखाद्या घरच्या कर्त्या माणसाएवढी असते.

या शास्त्राचा आदर्श शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांत जन्म-मृत्यूची काटेकोर मोजणी केली. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेऊ लागल्या. तेथे नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो सुमारे ६० च राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. तुलनेची गावे मोजली नसती, तर हा बदल सेवेमुळे झाला की काळाबरोबर आपोआप झाला, हे कोणासही सांगता आले नसते.

यातून आणखी एक बोध होतो. आपल्या नोंदवहीत दारापर्यंत पोहोचलेलेच रुग्ण असतात. जो आलाच नाही, त्याचा केसपेपर निघत नाही. म्हणून एखाद्या गावाहून रुग्ण येत नसतील, तर तेथे आजार नाही असे न मानता, बस नाही, पैसा नाही की माहिती नाही, याची चौकशी करणे आपले कर्तव्य ठरते.

हाच विचार निर्धन रुग्णांच्या खाटांना लागू पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. म्हणजे ५० खाटांच्या रुग्णालयात ५ खाटा मोफत व ५ सवलतीच्या. त्या राखून ठेवल्या एवढ्याने नियमाचे पालन होते. त्या किती दिवस भरलेल्या होत्या आणि कोणाच्या उपयोगी पडल्या, हे कळले तरच त्यामागील हेतू सफल होतो. रिकामी राहिलेली मोफत खाट हा ताळेबंदात न दिसणारा तोटा आहे.

शेवटी गोपनीयतेविषयी. रुग्णाची माहिती ही त्याने विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. विश्लेषणात नाव व दूरध्वनी क्रमांक यांची गरज नसते. ते काढूनच तक्ते करावयाचे, हा नियम आपण कटाक्षाने पाळला पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागील भूमिकाही हीच आहे.

विश्वस्तांना विनंती की, मासिक सभेत शिलकेच्या आकड्याबरोबर मोफत खाटांचा वापर आणि गाववार तक्ता यांनाही स्थान द्यावे. देणगीदारांनी आपल्या रुपयाचे काय झाले, हे हक्काने विचारावे. नातेवाइकांनी केसपेपर काढताना गाव, वय व व्यवसाय अचूक सांगावा. आपला तो एक मिनिट पुढील रुग्णाच्या कामी येईल. यंत्र मोजणी करील. आकड्यामागचा माणूस ओळखण्याचे काम मात्र आपणा सर्वांचे आहे.