पद्मिनीचं जाम इंजिन

पालघर, बोईसर, तारापूरची हवा खारी. त्यात चार महिन्यांचा पाऊस. अंगणात वर्षानुवर्षं उभी असलेली कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी अशा हवेत जाम होणारच. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरतात. अशा गाडीला स्टार्टर मारू नका, धक्काही नको. रिंग तुटली तर खर्च कैकपटीनं वाढतो.

बॅटरीची वायर काढा. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात गंज सोडवणारं पातळ तेल ओता आणि काही दिवस मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटला पाना लावा. थोडं पुढे, थोडं मागे. केसभर हललं तरी जिंकलात! तिथंच थांबा, पुन्हा तेल घाला. जोर लावायचा मोह इथंच आवरायचा असतो.

सायलेन्सरचे गंजलेले नटही असेच: तारेच्या ब्रशनं घासा, तेल सोडा, हातोडीनं हलकं ठोका. पाना सहाकोनी घ्या, नटाच्या कडा झिजत नाहीत. कार्बोरेटर, पेट्रोलच्या नळीजवळ आच मात्र मुळीच नको.

इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल बदला. प्लग न लावताच इंजिन हातानं फिरवून साचलेलं तेल बाहेर काढा; त्या वेळी भोकांसमोर तोंड नेऊ नका.