तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं का?

 

आज बोलायचंय मताबद्दल. आधीच सांगते, कुणाला मत द्या आणि कुणाला देऊ नका, हे मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवायचं. पण निवडणूक आली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघतोच. "ताई, तिसरा उमेदवार बरा वाटतो. पण तो काही निवडून येत नाही म्हणतात. मग मत वाया घालवायचं का?"

मैत्रिणींनो, आपल्या राज्यात सध्या दोन मोठ्या आघाड्या आहेत. एकीकडे महायुती, दुसरीकडे महाविकास आघाडी. जो या दोन्हींत नाही, तो तिसरा. मग तो छोटा पक्ष असेल, एखादी संघटना असेल नाहीतर अपक्ष असेल.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. 2024 ची लोकसभा निवडणूक आठवा. शहापूर आणि मुरबाड दोन्ही भिवंडी मतदारसंघात येतात. राष्ट्रवादी शरद पवार पक्षाचे सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्यामामा, जवळपास 5 लाख मतं घेऊन निवडून आले. भाजपचे कपिल पाटील दुसरे आले, त्यांना सुमारे 4 लाख 33 हजार मतं. आणि तिसरे होते अपक्ष निलेश सांबरे. त्यांना 2 लाख 31 हजारांच्या वर मतं पडली. पहिल्या दोघांतला फरक होता सुमारे 66 हजारांचा.

आता पारावर लगेच हिशोब सुरू झाला, की तिसऱ्यामुळे अमका पडला. पण जरा विचार करा. तिसरा उभाच नसता, तर ती सव्वादोन लाख मतं कुठे गेली असती? काही इकडे, काही तिकडे, आणि काही जण मतदानाला गेलेच नसते. कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. त्या मतांवर आधीपासून कुणाचा सातबारा नव्हता. मत ज्याचं त्याचंच असतं.

हे असं होतं, कारण आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं मिळवावी लागत नाहीत. भिवंडीत शंभरातल्या चाळीसेक मतांवर निकाल लागला. शेजारच्या नेपाळमध्ये मतदाराला दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. संसदेच्या 275 पैकी 110 जागा पक्षांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात वाटतात. तिथे छोट्या पक्षालाही वाटा मिळतो. आपल्याकडे तसं नाही. म्हणून मतविभागणीची भीती खोटी नाही. समजा, एखादा उमेदवार आपल्याला अजिबात नको आहे. त्याला हरवू शकणारा एकच आहे. तेव्हा मनातल्या तिसऱ्याला बाजूला ठेवून त्या एकाला मत देणारी बाई काही चूक करत नाही. तोही विचार करून केलेला निर्णयच आहे.

पण दुसरी बाजूही बघा. शहापूर विधानसभेत 2014, 2019 आणि 2024, तिन्ही वेळा पहिल्या दोघांत तीच दोन नावं होती, दौलत दरोडा आणि पांडुरंग बरोरा. पक्ष मात्र बदलत गेले. 2024 ला तर निकाल दोन हजारांहून कमी मतांनी लागला. एवढ्याशा फरकात तिसऱ्याकडे गेलेल्या मतांची किंमत दोघांनाही कळते. पुढच्या वेळी ते त्या पाड्यावर येतात आणि विचारतात, तुम्हाला काय हवंय?

तिसऱ्याचं खरं काम इथेच आहे. मोठे पक्ष जे बोलत नाहीत, ते तो बोलायला लावतो.

थोडं मागे जाऊ. 1956 साली संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. त्यात समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं. काँग्रेससमोर यातला एकेक पक्ष लहानच. एकत्र आले, 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला, आणि 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

1972 च्या दुष्काळात महागाई भडकली. तेव्हा समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर यांनी इतर पक्षांतल्या बायांनाही बरोबर घेतलं आणि मुंबईत लाटणी घेऊन मोर्चे काढले. तेल, साखर, रॉकेलसाठी घरातल्या बाया रस्त्यावर आल्या. मृणालताईंना तर लोक पाणीवाली बाई म्हणायचे. पक्ष लहान, पण हंड्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात नेला.

रोजगार हमी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती कल्पना वि. स. पागे यांची, ते सत्ताधारी पक्षाचेच. पण काम द्या म्हणून दुष्काळी मजुरांचे मोर्चे काढण्यात लाल बावटा, शेकाप आणि समाजवादी पुढे होते. 1977 ला राज्याचा कायदा झाला, आणि 2005 ला देशाचा.

मुरबाडमध्ये काळू धरणाविरुद्ध आदिवासी गावांनी ग्रामसभांचे ठराव केले, संघटना बांधली, कोर्टात गेले. 2012 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने काम थांबलं. आमदार खासदार हातात नसतानाही हे झालं. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी जातं शहरांना, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघायची. हे ज्याच्या तोंडून सतत ऐकू येईल, तो पहिला असो की तिसरा, त्याला कान द्यायलाच हवा.

पण तिसरा म्हणजे आपोआप चांगला, असंही नाही. काही जण केवळ मतं फोडायला उभे केलेले असतात. काही जण मतं दाखवून नंतर मोठ्या पक्षाशी सौदा करतात. कुणी वह्या वाटतो, कुणी रुग्णवाहिका देतो. घरातलं माणूस वेळेवर दवाखान्यात पोचलं, तर आपण विसरत नाही, विसरूही नये. पण उपकाराची फेड मतानं करायची नसते. मत दिलेल्या शब्दाला आणि कामाच्या माणसाला द्यायचं.

म्हणून गटात बसून तीन गोष्टी बघा. एक, हा माणूस निवडणूक नसतानाही आपल्याकडे येतो का? दोन, पाणी, दाखले, वनहक्क, रोजगार, यातल्या कशासाठी तो आजवर भांडलाय? तीन, हरल्यावर तो थांबणार आहे का? हरल्यावरही जो तहसील कचेरीत आपल्याबरोबर उभा राहतो, त्याला दिलेलं मत वाया गेलं असं कोण म्हणेल?

आणखी एक. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, आणि निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिथे पहिला, दुसरा, तिसरा हा हिशोब आपणच बदलू शकतो. वॉर्डात तुमच्यातली एखादी उभी राहायची म्हणत असेल, तर निवडून येशील का, हे आधी विचारू नका. कशासाठी उभी राहतेस, ते विचारा. आणि उत्तर पटलं, तर तिच्याबरोबर घरोघर फिरा.

येत्या बैठकीत यावर बोला. भांडण झालं तरी चालेल, पण मत प्रत्येकीचं स्वतःचं असू द्या. घरच्यांनी सांगितलं म्हणून नको आणि गटाने ठरवलं म्हणूनही नको.