उसळ सर्वांच्या ताटात



आज पक्वान्नांविषयी बोलायचे नाही. ज्वारीची भाकरी आणि मोडाची मटकी, या दोनच जिनसांविषयी बोलू. रोज समोर असतात, म्हणून त्यांचे मोल आपल्या ध्यानी येत नाही.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच कोरड्या मटकीत सुमारे २०. पण नुसता आकडा पाहून भागत नाही. शरीराची बांधणी करणारा लायसिन नावाचा घटक ज्वारीत कमी पडतो, तो मटकीत पुष्कळ असतो. उलट, मेथिओनिन मटकीत कमी. ती उणीव ज्वारी भरून काढते. बैलजोडीत एक थकला की दुसरा जोर लावतो, त्यातलाच हा प्रकार.

आता मोडांचे सांगतो. मटकी निवडून, धुऊन रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून टाका आणि ओल्या फडक्यात सैल बांधून ठेवा. उन्हाळ्यात मोड लवकर येतात. थंडीत मात्र गाठोडे चुलीपाशी उबेला ठेवावे लागते. फडके वाळू देऊ नका. मोड आले की दाण्यात क जीवनसत्त्व तयार होते, आणि दाण्यातले लोह अडवून धरणारे द्रव्य कमी होते. शिजवताना क जीवनसत्त्व थोडेफार जातेच. म्हणून उसळ खाली उतरवल्यावर वरून लिंबू पिळावे. लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नका, त्याने ब जीवनसत्त्वाची नासाडी होते. जेवणावर लगेच चहाही नको. तो लोह अंगी लागू देत नाही.

भाकरीविषयी एकच गोष्ट. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली असेल, तर कढत पाण्याने भिजवा, म्हणजे थापताना चिरणार नाही.

हे सारे आपल्या मायबहिणींना ठाऊक आहे. मग अडते कुठे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. कारणे अनेक आहेत, आणि नुसत्या उसळीने हे दुखणे बरे होणार नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण एक कारण आपल्या घरात आहे. पुष्कळ घरी बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर पातेल्यात रस्सा तेवढा उरतो, दाणे संपलेले असतात. मग तिच्या वाट्याला भाकरी आणि चटणी!

पुरुष मंडळी, पंगत बसण्यापूर्वी तिची वाटी भरून बाजूला ठेवा. नाहीतर सगळेच एकत्र जेवायला बसा. याला पैसा लागत नाही.

आणि गुरुजी, बाई, तुम्हांला एक विनंती. वर्गात मूठभर मटकी फडक्यात बांधून ठेवा. मुलांना रोज मोड पाहू द्या. मग एक प्रश्न विचारा: "काल घरी उसळ होती ना? आईच्या ताटात किती होती?" उत्तर मुलांनाच शोधून आणू द्या.