गुणाकार म्हणजे वळणे



युनियनच्या माणसाने गणितावर बोलावे हे आपणांस चमत्कारिक वाटले असेल. आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे जे शिकलो ते रात्री, जुनी पुस्तके विकत घेऊन. या विषयाकडे आम्हांस ओढले ते एका वायरमनने. वरच्या जागेसाठी झालेल्या परीक्षेत त्याला 'काल्पनिक संख्या' हे शब्द दिसले, आणि वीस वर्षे थ्री-फेज मोटरी दुरुस्त करणारा हा गृहस्थ कोरा कागद देऊन उठला. आम्हांस त्या शब्दाचाच राग आला.

उणे एकचे वर्गमूळ कोणते? भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त स्पष्ट सांगितले, ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती वर्गच नव्हे. सरळ रेषेवर शोधले तर खरेच सापडत नाही. नवल हे, की दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियम त्यांच्याच 'ज्योत्पत्ती'त आहे, आणि आजच्या आपल्या विषयाचा प्राण तोच नियम. कुलूप आणि किल्ली एकाच घरात होती!

आता वसईच्या वाड्यांतला रहाट आठवा. चाकाच्या मध्यापासून उजवीकडे एक हातावर गाडगे आहे. ते 'एक' समजा. पाव फेरा दिला, गाडगे माथ्यावर गेले. आणखी पाव फेरा, की ते नेमके डावीकडे, म्हणजे 'उणे एक'वर. पाव फेरा दोनदा घेऊन उणे एक मिळाले. तर पाव फेरा हेच त्याचे वर्गमूळ. पुस्तकांत त्याला 'आय' म्हणतात. संख्या अशी चित्रात मांडणारा वेसेल हा पेशाने जमिनीची मोजणी करणारा होता. त्याचा निबंध 1799 साली छापला गेला.

चाकावरची जागा सांगायला मध्यापासूनचे अंतर आणि कोन पुरेत. अंतर एक असेल तर कोनाची कोज्या हे आडवे माप, ज्या हे उभे. गुणताना अंतरे गुणायची, कोन मिळवायचे. मग घात काढणे सोपे: अंतराचा घात करा आणि कोनाला त्याच आकड्याने गुणा. 'एक अधिक आय' याचा आठवा घात घ्या. अंतर दोनचे वर्गमूळ, कोन 45 अंश. अंतराचा आठवा घात 16. कोन आठपट, 360, म्हणजे पुरा फेरा. उत्तर 16! कंस आठ वेळा गुणत बसणे नको.

हा नियम द म्वाव्रचा म्हणतात. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून तो लंडनला आला आणि शिकवण्या करून जगला; प्राध्यापकाची जागा त्याला कधी मिळाली नाही. 1722 च्या त्याच्या लेखात नियमाचे बीज आहे; आजचे रूप ऑयलरने 1748 मध्ये दिले. पुढे 1893 मध्ये या संख्या विजेच्या हिशेबात रुळविल्या त्या स्टाइनमेट्झने. समाजवादी म्हणून पोलिसांचा ससेमिरा लागल्यामुळे तो जर्मनीतून निसटला होता, हे सांगताना आम्हांस थोडा पक्षपाती आनंद होतो.

परीक्षेनंतर त्या वायरमनला आम्ही युनियनच्या कचेरीत बसविले आणि फरशीवर खडूने वर्तुळ काढले. विचारले, कोणत्या संख्येचा घन एक? कोन तिप्पट केल्यावर पुरे फेरे झाले पाहिजेत. त्याने शून्य अंशावर खूण केली, मग 120 वर, मग 240 वर. थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "साहेब, हे तर आपले तीन फेज. तिन्ही सारखे असले की बेरीज शून्य, म्हणून मोटरीला न्यूट्रल लागत नाही."

पुढच्या वर्षी तो परीक्षेला पुन्हा बसला.