वरच्या सभागृहांतली शेवटची घाई

(कर्जत तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकींत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



कायदे कोण करतो असें विचारलें तर तुम्ही सांगतां, आमदार. बरोबर आहे. पण आमदारांचीं घरें दोन आहेत. विधानसभेंत 288 माणसें, तीं तुमच्या मतांवर जातात. विधान परिषदेंत 78. त्यांपैकीं 30 जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, 22 जणांना नगरपालिका व जिल्हा परिषदांसारख्या संस्था, 7 पदवीधर, 7 शिक्षक, आणि 12 राज्यपाल नेमतात. म्हणजे कर्जत, खोपोली, माथेरान येथल्या नगरसेवकाला मत आहे, खेड्यांतल्या सरपंचाला नाहीं. शिक्षकांच्या जागा आहेत म्हणून मला तरी मत असेल असें समजूं नका. घटनेनें तें माध्यमिक शाळेपासून वर ठेविलें आहे. तुमच्या पोरांकडून अक्षरें गिरवून घेणारा त्यांत बसत नाहीं. असो.

आतां ह्या वरच्या घराचें काम पाहूं. खालच्या सभागृहांत मंजूर झालेलें बिल वर येतें. परिषदेला तें मंजूर करतां येतें, दुरुस्ती सुचवितां येते, नाकारतां येतें, किंवा थांबवितां येतें. पण किती दिवस? तीन महिने. त्यानंतर विधानसभेनें तेंच पुन्हा मंजूर केलें कीं परिषदेच्या हातीं एकच महिना उरतो. मग तिनें मान हालविली काय आणि न हालविली काय, बिल पास समजलें जातें. पैशाचें बिल असेल तर 14 दिवसच. दिल्लीप्रमाणें दोन्ही घरांची एकत्र बैठक इकडे नाहीं. तेव्हां परिषदेच्या हातीं आहे तो नकार नव्हे, वेळ आहे.

आणि नेमका वेळच शेवटीं उरत नाहीं. अधिवेशनाचे पहिले दिवस गोंधळांत व पुरवणी मागण्यांत जातात. बिलें खालून पुष्कळ वेळां अखेरच्या दोन दिवसांत गठ्ठ्यानें वर येतात. त्यांतून अधिवेशन नसतांना काढलेला वटहुकूम सभागृह भरल्यापासून सहा आठवडेच जगतो, म्हणून त्याचें बिल रेटून न्यावें लागतें. मग सभापति विचारतात, अनुकूल असतील त्यांनीं 'होय' म्हणावें. आवाज उठतो आणि तुमच्या सातबाऱ्यावर परिणाम करणारें कलम देखील तेवढ्यांत निघून जातें.

आपली अडचण अशी कीं पावसाळी अधिवेशन येतें तें लावणीच्या दिवसांत, आणि नागपूरचें हिवाळी येतें तें झोडणी उरकतांना. गुडघाभर चिखलांत उभा असलेला माणूस बिलाचा मसुदा कुठून वाचणार?

सरकार सांगतें, आज झालें नाहीं तर बिल मरेल. हें पारखून घ्या. अधिवेशन संपल्यानें बिल मरत नाहीं; घटनेचें 196 वें कलम तसें स्पष्ट सांगतें. लोकायुक्ताचें बिल विधानसभेनें 28 डिसेंबर 2022 रोजीं मंजूर केलें, परिषदेनें 15 डिसेंबर 2023 रोजीं. वर्षभर तें जिवंतच होतें. मरतें तें विधानसभा बरखास्त झाली म्हणजे. जनसुरक्षेचें बिल जुलै 2024 मध्यें अधिवेशन संपतां संपतां मांडलें गेलें, तसेंच राहिलें, आणि पुढें निवडणूक लागल्यामुळें गेलें. डिसेंबरांत तें पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या समितीकडे दिलें. तेथें 12 हजारांहून अधिक सूचना आल्या व मसुद्याचे शब्द बदलले. नंतर 10 जुलै 2025 रोजीं विधानसभेंत व दुसऱ्याच दिवशीं परिषदेंत तें पास झालें. विरोधक उठून गेले होते. बिल चांगलें कीं वाईट हा वाद आज माझा नाहीं. पहिल्या खेपेस घाईनें झालें असतें तर त्या सूचना कोणी लिहिल्याच नसत्या, एवढेंच दाखवितों.

दिल्लीचें पाहा. 22 सप्टेंबर 2020 रोजीं राज्यसभेनें साडेतीन तासांत सात बिलें मंजूर केलीं. त्यांत धान्य, डाळी, कांदे, बटाटे यांच्या साठ्यावरचें बंधन सैल करणारें एक होतें. 1 ऑक्टोबरपर्यंत चालावयाचें अधिवेशन दुसऱ्याच दिवशीं मिटलें. पुढें शेतकरी वर्षभर रस्त्यावर बसले, आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजीं तो कायदा त्याच्या दोन भावंडांसह रद्द झाला. तोहि दोन्ही सभागृहांत एकाच दिवशीं, चर्चेवांचून!

उशीर नेहमींच गरिबाच्या बाजूचा असतो असेंहि नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं 1937 सालीं मुंबईच्या असेंब्लींत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. जानेवारी 1938 मध्यें कोंकणचीं कुळें कौन्सिल हॉलवर चालून गेलीं. बिल पडूनच राहिलें, 1939 च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, आणि खोती मोडण्याचा कायदा व्हावयास 1949 साल उजाडलें. आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यांतल्या कुळांनीं तेवढीं वर्षें खोताच्या खळ्यावर धान्य मापून दिलें.

म्हणून माझें मागणें लहान आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून परिषदेवर स्थानिक संस्थांची एक जागा आहे. जमिनीचें, पाण्याचें किंवा बाजाराचें बिल येतें असें कळतांच त्या जागेवरच्या माणसाला गांवाच्या सह्यांचें पत्र जावें, आणि त्यांत एकच विनंती असावी कीं हें समितीकडे पाठवा. मसुदे विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठींत मिळतात. छापून आणण्याचें काम शाळेंतलीं मोठीं मुलें करतील, वाचून दाखविण्याचें मी करीन. मात्र पत्र अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यांत पोंचलें पाहिजे.