तोट्याची बैठक
(बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'मूल्यांवर चालणारा छोटा उद्योग' असा विषय दिला आहे. ऐकायला भारदस्त वाटतो. आमचा उद्योग म्हणजे नऊ जणींचं मंडळ, एक काटा, भाड्याची पत्र्याची खोली आणि हिरड्याची पोती. मी शिकले समाजकार्य. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत समुदाय संघटन शिकले, पण पोत्यामागे घट किती धरायची ते कुणी शिकवलं नाही. ते आंबेगाव-जुन्नरच्या बायकांनी शिकवलं, आणि त्या शिकवणीची फीसुद्धा त्यांनीच भरली.

ज्या या भागातल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भीमाशंकर, आहुपे इथपासून नाणेघाटापर्यंत सह्याद्रीच्या कडेला महादेव कोळी समाजाची गावं आहेत. शेती पावसाच्या भाताची. घोड नदीवरच्या डिंभे धरणात कितीतरी घरांची चांगली खाचरं गेली. रोख पैसा हातात येतो तो मुख्यतः बाळहिरड्यातून. चैत्र-वैशाखात कोवळी फळं झाडावर चढून पाडायची, वेचायची, उन्हात वाळवायची. तीन-चार किलो ओला हिरडा वाळून जेमतेम किलोभर भरतो. झाडावर बहुतेक पुरुष चढतात. वेचणं, वाळवणं, आभाळ भरून आलं की धावत जाऊन गोळा करणं हे बाईचं काम. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला, पण हक्क मिळाला म्हणून गिऱ्हाईक मिळतं असं नाही.

आम्ही 2016 साली सुरुवात केली. तत्त्व सरळ होतं: काटा सर्वांसमोर, भाव आधी जाहीर, आणि व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे दोन पैसे जास्त. मला वाटलं, बायका रांग लावतील. पहिल्या वर्षी निम्म्या बायकांनी हिरडा व्यापाऱ्यालाच घातला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, तुमचा भाव चांगला हाये, पण पैसा कवा? माल पुण्याला गेल्यावर. तवर पाऊस लागतो. मीठ, मिरची, तेल, सुकट घरात कवा भरू?" आमच्याकडे कडेकपारीतल्या वाड्यांचे रस्ते पावसात बंद पडतात. आषाढातल्या आवणीच्या आधी बेगमी झाली नाही तर उपास. व्यापारी काट्यात मारत होता, पण फाल्गुनात उचल देत होता. आमचा न्याय दोन महिने उशिरा पोचत होता. दुसऱ्या वर्षापासून निम्मी रक्कम काट्यावरच रोख द्यायला लागलो. त्यासाठी भाव थोडा खाली आणावा लागला. बायकांनी तो आनंदाने मान्य केला. मीच तेवढी हिरमुसले होते.

दुसरा धडा पैसा कुणाच्या हातात द्यायचा याचा. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून झाडही त्याचं, म्हणून पैसाही त्याचा, हा हिशेब आम्हाला मान्य नव्हता. जी पोतं आणेल तिच्याच हातात पैसे, असा नियम केला. हा नियम मी मेळाव्यांतून फार अभिमानाने सांगायचे. एके दिवशी एक जण हळूच म्हणाली, "ताई, माझं पैसं त्यांच्याच हातात द्या. घरात मला राहायचंय." मी काय उत्तर देणार? तिच्या पाठीवर पडणारा मार आमच्या नियमात धरलेला नव्हता. शेवटी तिनेच वाट काढली. काट्यावरची रोख नवऱ्याला द्यायची आणि माल विकल्यावरची उरलेली निम्मी तिच्या खात्यात. नियम वाकला, पण तिच्या नावावर प्रथमच काही रक्कम साठली. आजही मला हे पूर्ण बरोबर वाटत नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर उभी राहिले आहे ते सांगते. 2020 ची टाळेबंदी नेमकी हिरड्याच्या हंगामात आली. आम्ही सगळा माल घेण्याचा शब्द दिला होता, तो पाळला. निम्मे पैसे दिले, पोती खोलीत रचली. पुण्याचा खरेदीदार फोनवर म्हणाला, यंदा नको. मग 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या भागात हिरड्याची जुनी झाडं मुळासकट पडली आणि आमच्या खोलीचे पत्रे उडाले. भिजलेल्या हिरड्याला चार दिवसांत बुरशी धरली.

मी एकटीने बसून हिशेब केला आणि वाडीवाडीत निरोप पाठवला की उरलेली निम्मी रक्कम देता येणार नाही. सर्वांवरच संकट आहे, समजून घ्याल, असंही लिहिलं. त्याच आजी भर पावसात चालत आल्या. म्हणाल्या, "फायदा झाला तवा बैठक घेतली. तोट्याची बैठक कुठं हाये?"

लिज्जतची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि नफा-तोटा दोन्ही बहिणींनी वाटून घ्यायचा असं ठरवलं. मी त्यातलं नफ्याचंच सांगत आले होते. आणि तोटा वाटून घ्यायचा तर निर्णयही वाटून घ्यायला हवा. इथे निर्णय माझा होता, तोटा फक्त त्यांचा.

जुलैमध्ये शाळेच्या ओसरीवर बैठक झाली. वही मोठ्याने वाचली. खोलीभाडं, गाडीभाडं, बारदान, आणि मे अखेरपर्यंत पूर्ण घेतलेलं माझं मानधन. ते वाचताना माझा आवाज पडला. कुणी काही बोललं नाही, बराच वेळ. मग त्यांनीच ठरवलं: बाकी दोन हंगामांत फेडायची, आधी विधवा आणि एकट्या बायकांची; माझं मानधन तोवर निम्मं. तशी फेड 2022 मध्ये पूर्ण झाली. तरी दोघी गेल्या त्या गेल्याच. त्या काळात व्यापाऱ्याने त्यांना तेल-मीठ उधार दिलं होतं, हेही सांगायला हवं.

आता हंगामाआधी प्रत्येक वाडीत वही वाचली जाते आणि घट किती धरायची तेही तिथेच ठरतं. अडलंय ते उचलीपाशी. फाल्गुनात द्यायला आमच्याकडे भांडवल नाही, आणि वसुलीसाठी मला व्यापाऱ्यासारखं दारात उभं राहायचं नाही. तुमच्यापैकी कुणी असा निधी चालवला असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर गाठा. बुडीत रकमेचं तुम्ही काय केलंत, ते मला विचारायचं आहे.