वयात येणे : आपल्याजवळचे शब्द



साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. विषय शरीराचा आहे, पण अडते ते शब्दांपाशी.

आपल्या सीमाभागात घर मराठी, शाळा इंग्रजी नाहीतर कन्नड. दवाखान्यात नात 'पीरियड्स' म्हणते, आई 'पाळी' आणि आजी 'बाहेरची'. आम्हा जैनांच्या घरांतही ते चार दिवस वेगळेच. मुलाला मात्र एकच शब्द मिळतो, तोही घरातून नव्हे, गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या भिंतींवरून : 'स्वप्नदोष'.

झोपेत वीर्यस्खलन होणे हे वाढीचे साधे लक्षण. भाषेने त्याला दोष म्हटले आणि मुलाने तो आपला मानला. अशक्तपणा, पाठदुखी, अभ्यासात लक्ष नाही, अशा तक्रारी सांगणारा सोळा वर्षांचा मुलगा वडील बाहेर गेल्यावर हळूच हा शब्द उच्चारतो. 'धातू जातो' म्हणून कुणीतरी त्याला महागडे चूर्णही दिलेले असते. त्याला औषध लागतच नाही. ज्याचे पोट साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर चालते तो हे सांगतो आहे, एवढे ध्यानात घ्या.

दुसरा घोटाळा 'न्हाण' या शब्दाचा. जणू एका दिवसात सगळे घडते. प्रत्यक्षात मुलीत सुरुवात साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान स्तनाखाली गाठ जाणवून होते, कधी आधी एकाच बाजूला. आई घाबरून कॅन्सरबद्दल विचारते. पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. मुलांत ९ ते १४. पहिली खूण मिसरूड नव्हे, घोगरा आवाजही नव्हे, तर वृषणांची वाढ, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. मुलीत आठाच्या आत किंवा मुलात नवाच्या आत बदल दिसले, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

एनसीईआरटीच्या विज्ञानात हा धडा अनेक वर्षे आठवीत होता. म्हणजे पुष्कळ मुलींची परीक्षा आधी, धडा नंतर! जाहिरातींचे तर काय सांगावे? तिथे वर्षानुवर्षे निळे पाणी सांडत होते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. मराठीत हे बोलता येते, हे तेव्हाच ठरले होते. तरी २००७ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. सीमाप्रश्नावर न जुळणारे इथे जुळले.

मंडळाला एक सूचना आहे. पाचवी-सहावीच्या पालकांची एक बैठक या सभागृहात घ्या. वडिलांनाही बोलवा, आणि आज्यांना जरूर. मुलीला मखरात बसवून ओटी भरल्याचे त्यांच्यापैकी कुणी पाहिले असेल. तेव्हा ते सगळ्या आळीला कळत असे.